मुक्या जिवाची साखर

सात-आठ वर्षे ज्याने घरात कधी एक थेंब सांडला नाही, ते कुत्रे एका रात्री दिवाणखान्यात लघवी करून ठेवते. सकाळी त्याला ओरडा बसतो. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही तेच. ‘म्हातारा झालाय’, ‘मुद्दाम करतोय’, ‘पावसाळी हवा आहे’ असे सगळे निष्कर्ष काढून होतात. पाण्याचे भांडे दिवसातून चार वेळा भरावे लागते आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण भांडे भरणारा दर वेळी वेगळा असतो. खाणे वाढलेले असते, म्हणजे तब्येत ठणठणीतच असणार असे वाटते. पण पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागू लागलेले असतात. आणि मग एक दिवस फरशी पुसणाऱ्या मावशीच सांगतात, ‘‘ताई, ह्याच्या शूला मुंग्या लागतात हो.’’

आपल्याकडच्या प्राचीन वैद्यांनी माणसाच्या मधुमेहाची जी खूण नोंदवून ठेवली, ती हीच. पशुवैद्यकाकडे रक्त आणि लघवी तपासली जाते. रक्तातली साखर चारशेच्या पुढे निघते आणि लघवीतही साखर सापडते. ‘‘कुत्र्यांनाही डायबेटिस होतो?’’ हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो. ‘‘म्हणजे आता रोज इंजेक्शन?’’ हा दुसरा. तिसरा प्रश्न बहुतेक जण मोठ्याने विचारत नाहीत, पण तो मनात येऊन जातो: एवढे हाल करण्यापेक्षा त्याला सोडवलेले बरे नाही का?

हा तिसरा प्रश्न काल्पनिक नाही. वेगवेगळ्या देशांतल्या अकराशेहून अधिक पशुवैद्यकांना विचारून केलेले एक सर्वेक्षण 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजानुसार मधुमेह निघालेल्या दर दहा कुत्र्या-मांजरांपैकी एकाला निदान होताच दयामरण दिले जाते आणि आणखी एकाला पुढच्या वर्षभरात. वर्षभरातल्या या दुसऱ्या गटामागे उपचारांना यश न येणे किंवा ते घरच्यांना न झेपणे ही कारणे होती. म्हणजे यातले काही प्राणी रोगापेक्षा रोगाच्या धाकाने जातात. नीट उपचार मिळालेली कुत्री पुढे वर्षानुवर्षे जगतात, जिन्यावर उड्या मारतात, कुरिअरवाल्यावर भुंकतात. कठीण असतो तो पहिला महिना-दीड महिना. त्यात सुईची भीती चार दिवसांत जाते. खरा धोका डोसाच्या गणितात आणि घरातल्या गोंधळात असतो.

कुत्र्याचे ऋण

मधुमेह आणि कुत्रा यांचे नाते जुने आहे. 1889 मध्ये स्ट्रासबर्ग येथे ऑस्कर मिंकोव्हस्की आणि जोसेफ फॉन मेरिंग यांनी पचनाच्या अभ्यासासाठी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले. मिंकोव्हस्की यांनी पुढे सांगितल्यानुसार, बाहेरच लघवी करायची चांगली सवय असलेले ते कुत्रे प्रयोगशाळेत जागोजागी लघवी करू लागले. त्यांनी ती तपासली, तर तीत भरपूर साखर. स्वादुपिंड आणि मधुमेह यांचा संबंध असा सापडला. शिस्तीच्या कुत्र्याने घर खराब केले, या लक्षणातूनच.

त्यानंतर बत्तीस वर्षांनी, 1921 च्या उन्हाळ्यात, टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवर स्वादुपिंडाच्याच अर्काचा प्रयोग केला. त्यातली मार्जोरी नावाची कुत्री या अर्कावर सुमारे सत्तर दिवस जगली. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले आणि 1923 मध्ये बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल. आज घराघरांतल्या फ्रिजच्या दारात जी छोटी बाटली असते, तिच्यामागे अशी अनेक कुत्री आहेत. तेच औषध शंभर वर्षांनी कुत्र्याच्या वाट्याला यावे, यात एक प्रकारचा न्याय आहे.

शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही हे सोयीचे पडते. कुत्र्याचे आणि डुकराचे इन्सुलिन रचनेने तंतोतंत सारखे असते आणि माणसाच्या इन्सुलिनपेक्षा फक्त एका अमिनो आम्लाने वेगळे. त्यामुळे माणसांसाठी बनवलेली काही इन्सुलिने कुत्र्यांना चांगली लागू पडतात. खास प्राण्यांसाठीचे इन्सुलिनही असते, पण ते प्रत्येक गावात मिळेलच असे नाही. माणसांचे साधे इन्सुलिन केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याच्या किमतीवर नियंत्रण आहे आणि ते तालुक्याच्या दुकानातही मिळते. कोणते वापरायचे हे मात्र पशुवैद्यकच ठरवणार. आजोबांसाठी फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली दोन प्रकारच्या इन्सुलिनांच्या मिश्रणाची असू शकते. ‘शेवटी इन्सुलिनच ना’ म्हणून ती उचलायची नसते.

गोड कोणी दिले?

निदान झाले की घरात आरोपी शोधला जातो. रोज चहाबरोबर ग्लुकोज बिस्कीट देणारे आजोबा सहसा पहिल्या फेरीतच पकडले जातात. त्यांना सोडून द्यायला हवे. कुत्र्यांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांतल्या ‘टाइप टू’सारखा नसतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. कधी शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर उलटते, कधी स्वादुपिंडाला आलेल्या सुजेत त्या जातात, आणि पुष्कळदा नेमके कारण सापडत नाही. बिस्किटांनी वजन वाढते, दात किडतात, तेलकट-तुपकट खाण्याने स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोकाही वाढतो. पण ‘गोड दिले म्हणून साखर झाली’ हा सरळ हिशेब इथे लागू नाही.

एक कारण मात्र ओळखता येते आणि टाळताही येते. नसबंदी न केलेल्या मादीमध्ये माजानंतरच्या दोन महिन्यांत प्रोजेस्टेरॉन वाढलेले असते. त्याच्या प्रभावाखाली तिच्या स्तनग्रंथींतून वाढीचे संप्रेरक स्रवते आणि ते इन्सुलिनचे काम अडवते. अशा मादीत माजानंतर काही आठवड्यांनी मधुमेह उघड होतो. लगेच गर्भाशय आणि अंडाशय काढले, तर काहींचा मधुमेह परत फिरतो; उशीर केला की कायमचा बसतो. नाही फिरला तरी शस्त्रक्रिया करावीच लागते, नाहीतर दर माजाला इन्सुलिनचे गणित विस्कटते. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ म्हणून वर्षानुवर्षे थांबणाऱ्यांनी हे ऐकलेले बरे.

इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच उरलेल्या नसल्याने गोळ्यांचा उपयोग होत नाही. घरात कोणाच्या तरी मधुमेहाच्या गोळ्या असतातच, आणि ‘अर्धी देऊन पाहू’ हा मोहही होतो. त्या गोळ्या स्वादुपिंडाला काम करायला लावतात किंवा असलेल्या इन्सुलिनचा परिणाम वाढवतात. इथे मुळात इन्सुलिनच नाही. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथ्या यांचेही तेच. अशा प्रयोगांत गेलेले तीन आठवडे कुत्र्याला महाग पडतात. इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात, उलट्या सुरू होतात, खाणे बंद होते, श्वासाला गोडसर, नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास येतो. तोवर गोष्ट सलाइन लावून दवाखान्यात ठेवण्यापर्यंत गेलेली असते आणि सगळी वाचत नाहीत.

लाल टोपी, नारिंगी टोपी

पहिल्याच दिवशी शिकायची गोष्ट साधी आहे, पण चुकली तर जीव घेणारी. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांचे मिळते. बाटलीतले नेहमीचे इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असते. पेनच्या काडतुसांतले आणि ग्लार्जिनसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचे 100 युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या: 40 साठीची लाल टोपीची, 100 साठीची नारिंगी टोपीची. सिरिंजवरच्या रेषा मिलिलिटर दाखवत नाहीत, युनिट दाखवतात. त्यामुळे बाटली आणि सिरिंज यांची जोडी जुळलीच पाहिजे.

समजा, डोस 6 युनिटचा आहे. 40 चे इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये सहाच्या रेषेपर्यंत भरले, तर कुत्र्याला प्रत्यक्षात 2.4 युनिट मिळतात. साखर उतरत नाही, घरचे हताश होतात, डॉक्टर डोस वाढवतात. पुढच्या महिन्यात कोणीतरी दुकानातून बरोबर लाल सिरिंज आणतो आणि वाढवलेला डोस पहिल्यांदाच पूर्ण पोहोचतो. याच्या उलट, 100 चे इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये सहाच्या रेषेपर्यंत भरले, तर 15 युनिट जातात, म्हणजे अडीचपट. दहा-बारा किलोच्या कुत्र्याला एवढ्याने झटके येऊ शकतात. दुकानदार अनेकदा ‘इन्सुलिनची सिरिंज ना, ही घ्या’ म्हणून समोर असेल ती देतो. म्हणून रिकामे पाकीट आणि बाटलीचे खोके दोन्ही बरोबर न्यावे आणि आकडे स्वतः वाचून घ्यावेत. मांजराला किंवा छोट्या पॉमेरेनियनला एकेक युनिटाचाच डोस असतो. तिथे अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली सिरिंज किंवा पेन मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे.

टोचणे त्या मानाने सोपे. मान आणि कमरेच्या मधल्या भागात, पाठीच्या एका बाजूला, कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि त्या तंबूत सुई घालायची. सुई केसासारखी बारीक असते. जेवणाच्या भांड्यात डोके घातलेल्या कुत्र्याला बहुतेकदा पत्ताही लागत नाही. जागा रोज थोडी बदलायची. दुधाळ दिसणारे इन्सुलिन भरण्यापूर्वी बाटली दोन्ही तळव्यांत हळू फिरवायची, घुसळायची नाही. (काही प्राण्यांच्या इन्सुलिनांना हलवण्याच्या सूचना वेगळ्या असतात, त्या खोक्यावर लिहिलेल्या असतात.) बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेली बाटली फेकूनच द्यायची. उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जाते तिथे माठ कामाला येतो: बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून, ओल्या वाळूत ठेवलेल्या छोट्या मडक्यात. माणसांचे इन्सुलिन आपल्याकडे अनेक घरांत असेच राहते.

वापरलेल्या सुयांबद्दल एक शब्द. त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात सुट्या टाकणे म्हणजे सकाळी गाडीवर येणाऱ्या माणसाच्या हातात टोचणे. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत त्या साठवाव्यात, झाकण चिकटपट्टीने बंद करावे आणि ती बाटली दवाखान्यात नेऊन द्यावी.

‘‘तू दिलंस का?’’

कुत्र्याला सहसा दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने इन्सुलिन लागते. सकाळी सात, संध्याकाळी सात. आधी जेवण, लगेच इंजेक्शन. पहिले दोन आठवडे सगळे उत्साहात चालते. नंतर एका संध्याकाळी आई सातला इंजेक्शन देऊन भाजी आणायला जाते. साडेसातला बाबा ऑफिसातून येतात, कुत्रे आशाळभूतपणे भांड्याजवळ बसलेले दिसते (ते तसे नेहमीच बसते) आणि ते दुसऱ्यांदा डोस देतात. माणसांच्या घरात प्रेम करणारे हात जास्त असले की हा धोकाही जास्त. उपाय शंभर टक्के देशी आहे: फ्रिजवर कॅलेंडर, त्याला दोरीने बांधलेले पेन, आणि टोचल्या टोचल्या खूण. खूण नसेल, पण दिल्यासारखे वाटत असेल, तर द्यायचे नाही.

हाच नियम दुसऱ्या एका प्रसंगालाही लागू होतो. सुई घालताना कुत्रे हलते, काही थेंब केसांवर सांडतात, किती आत गेले ते कळत नाही. अशा वेळी ‘थोडे अजून’ द्यायचे नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचे. एक डोस चुकल्याने साखर एखादा दिवस चढलेली राहील, कुत्रे जास्त पाणी पिईल, एवढेच. साखर खाली गेली, तर हाताशी तासभरही नसतो.

कुत्र्याने जेवायला नकार दिला, तर पूर्ण डोस द्यायचा नाही. अर्धे खाल्ले तर किती द्यायचे, मुळीच खाल्ले नाही तर काय करायचे, उलटी झाली तर काय, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. रविवारी संध्याकाळी दवाखाना बंद असतो आणि कुत्री नेमकी तेव्हाच जेवत नाहीत.

साखर उतरल्याची लक्षणे ओळखता यायला हवीत. कुत्रे अचानक मलूल होते, दारू प्यायल्यासारखे झोकांड्या देते, थरथरते, भिंतीकडे पाहत उभे राहते. पुढे झटके येतात, शुद्ध हरपते. ग्लुकोमीटरने 60 च्या खालचा आकडा दाखवला, तर शंकाच नको. पण लक्षणे दिसत असताना यंत्र शोधत बसू नये. शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्यावे. गिळता येत नसेल तर मध, साखरेचा पाक किंवा ग्लुकोजची पेस्ट बोटाने हिरड्यांना चोळावी. तोंडात ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. झटके चालू असताना दातांच्या मध्ये बोट घालू नये. मग दवाखाना. शुद्धीवर आले म्हणून घरी थांबू नये, कारण मधाचा परिणाम संपतो तेव्हा इन्सुलिनचा परिणाम चालूच असतो.

इथे एक चूक विशेषतः मधुमेही माणसांच्या घरात होते. हाताशी ‘शुगर-फ्री’ची डबी असते आणि घाईत तीच उघडली जाते. त्याने साखर वाढतच नाही. त्यातही झायलिटॉल नावाचा गोडवा असेल, तर तो कुत्र्यांसाठी विष आहे. ज्यांच्या स्वादुपिंडात जीव आहे अशा निरोगी कुत्र्यांतही तो इन्सुलिनचा लोंढा सोडतो आणि यकृताला इजा करतो. बिनसाखरेचे च्युइंगम, पुदिन्याच्या गोळ्या, काही टूथपेस्ट यांत तो असतो. कुत्रे असलेल्या प्रत्येक घराने ही नावे एकदा वाचून पाहावीत, मधुमेह असो वा नसो.

खाण्याबाबत मधुमेही माणसांच्या घरातले ज्ञान अर्धे कामाचे, अर्धे निरुपयोगी. कुत्र्याला उपास घडवायचा नसतो. रोज तेच अन्न, त्याच प्रमाणात, त्याच दोन वेळांना, हे पथ्याचे सार. तंतुमय अन्न साखरेची चढ-उतार मंद करते, त्यामुळे पशुवैद्यक तयार खाद्य सुचवतात, किंवा चिकन, भाजी आणि मोजून दिलेल्या भाताचा वा पोळीचा तक्ता करून देतात. मोजून हा शब्द महत्त्वाचा. ‘थोडा भात’ आज एक वाटी असतो आणि उद्या दोन. मधल्या वेळचे तुकडे बंद करायला हवेत, आणि ते सगळ्यांना जमवायला हवे, पाहुण्यांसह. दिवाळीत आलेल्या काकांना कुत्र्यापुढे करंजी धरल्याशिवाय राहवत नाही. त्यांना शंकरपाळ्यांऐवजी काकडीच्या चकत्यांची वाटी हातात दिली, तर त्यांचीही हौस भागते.

आकडा आणि कुत्रा

घरच्यांना माणसांचे आकडे पाठ असतात. त्यामुळे कुत्र्याची साखर 220 आली की घबराट होते. कुत्र्यांच्या उपचारात माणसाइतके काटेकोर नियंत्रण साधायचे नसते. दिवसातला बराच वेळ साखर साधारण 100 ते 250 च्या दरम्यान राहिली, तहान आणि लघवी आटोक्यात आली, वजन टिकले आणि कुत्रे हुशारीत असले, तर गाडी रुळावर आहे. आकडा सुंदर करण्याच्या नादात डोस वाढवणे हे कमी आकड्याच्या दरीकडे चालत जाणे आहे. डोस बदलल्यावर शरीराला जुळवून घ्यायला आठवडाभर तरी लागतो. रोजच्या आकड्यावर रोज डोस बदलायचा नसतो.

घरातले सर्वात स्वस्त यंत्र म्हणजे पाण्याची बाटली. सकाळी एक लिटर मोजून भांड्यात घालायचे, रात्री उरलेले मोजायचे. दहा किलोचे कुत्रे दिवसाला लिटरहून जास्त पाणी पीत असेल, तर ते नेहमीचे नाही. महिनाभराची ही नोंद आणि आठवड्याचे वजन पाहून डॉक्टरांना दोन-चार सुट्या आकड्यांपेक्षा जास्त कळते. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहायचे आणि स्वतःचे वजन वजा करायचे.

ग्लुकोमीटरचा उपयोग आहेच. कानाच्या कडेला बारीक टोचून थेंबभर रक्त मिळते. मात्र माणसांचे ग्लुकोमीटर कुत्र्यांत बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात, कारण प्लाझ्मा आणि तांबड्या पेशींमध्ये साखरेची वाटणी दोघांत वेगळी असते. त्यामुळे आपले यंत्र एकदा दवाखान्यातल्या तपासणीशी ताडून पाहावे. माणसांच्या दंडावर लावायचा चौदा दिवसांचा सेन्सरही आता पशुवैद्यक कुत्र्या-मांजरांच्या केस काढलेल्या कातडीवर लावतात. बारा तास दवाखान्यात ठेवून दर दोन तासांनी सुई टोचण्यापेक्षा ते पुष्कळ दयाळू आहे. खर्च परवडला पाहिजे आणि कुत्र्याने तो खाजवून काढता कामा नये. ज्यांच्या गावात अशी सोय नाही, त्यांना परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांचा रस्ता आहे.

भरपूर इन्सुलिन देऊनही साखर हलत नसेल, तर दोष इन्सुलिनचाच असतो असे नाही. किडलेले दात, लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग, खाजेसाठी चालू असलेले स्टेरॉइड किंवा कुशिंग हा संप्रेरकांचा आजार तिथे दडलेला असू शकतो. कानात घालायच्या थेंबांतही स्टेरॉइड असते, हे डॉक्टरांना सांगायचे राहून जाते.

मांजराचे वेगळे

मांजराचा मधुमेह मात्र माणसाच्या ‘टाइप टू’ला जवळचा. बहुधा मध्यमवयाचा, नसबंदी झालेला, घरातच लोळणारा, गुबगुबीत बोका. काही मांजरे मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून सशासारखी चालू लागतात. मज्जातंतूंना झालेल्या इजेची ती खूण. मांजर मुळात मांसाहारी प्राणी. पिढ्यान्‌पिढ्यांचा दूधभात त्याच्या शरीराच्या हिशेबात बसत नाही. जास्त प्रथिने आणि कमी पिष्टमय पदार्थ असलेले अन्न, हळूहळू उतरवलेले वजन आणि सुरुवातीपासून नेटाने दिलेले इन्सुलिन यांमुळे काही मांजरांचे इन्सुलिन काही महिन्यांत सुटतेही. कुत्र्याच्या नशिबात हे क्वचितच असते. म्हणून मांजराच्या बाबतीत डोस तसाच चालू ठेवणेही धोक्याचे ठरू शकते. गरज संपलेली असते आणि सुई चालू असते.

दवाखान्यात नेलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही खूप चढते. त्यामुळे एका तपासणीवर निदान करत नाहीत. फ्रुक्टोसामिन ही मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी तपासणी करतात. अमेरिकेत 2022 च्या डिसेंबरमध्ये मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिनच्या गोळीला आणि 2023 मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन या तोंडावाटे द्यायच्या द्रव औषधाला परवानगी मिळाली. सुई टाळणारी म्हणून ती आकर्षक आहेत, पण आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजरांसाठी नाहीत, आणि त्यांच्यावर असताना साखरेचा आकडा चांगला दिसत असतानाही कीटोन वाढू शकतात. माणसांच्या याच वर्गातल्या गोळ्या घरी असतील, तर त्या मांजरासाठी तोडू नयेत.

कुत्र्याच्या बाबतीत घरच्यांना आधीच सांगून ठेवायला हवी अशी एक गोष्ट उरते. उपचार व्यवस्थित चालू असले तरी बहुतेक मधुमेही कुत्र्यांना वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो. डोळ्याच्या भिंगात शिरलेल्या जादा साखरेचे सॉर्बिटॉल होते, ते पाणी ओढून घेते आणि भिंग पांढरे पडते. कधीकधी काही दिवसांतच. घरच्यांना वाटते आपले काही चुकले. तसे नसते. शस्त्रक्रिया होऊ शकते, मोठ्या शहरांत ती करणारे पशुनेत्रतज्ज्ञ आहेत. ती परवडत नसेल, तरी डोळा लाल झाला किंवा दुखरा वाटला तर थेंब चालू करावे लागतात, कारण आतल्या सुजेने काचबिंदू होऊ शकतो. आणि न दिसणारे कुत्रे घरातल्या घरात आश्चर्यकारक सहजतेने वावरते, एवढी एकच अट पाळली तर: सोफा हलवायचा नाही, चपला वाटेत टाकायच्या नाहीत आणि पाण्याचे भांडे जिथे आहे तिथेच ठेवायचे.

मग गणपती येतात आणि घर कोकणात निघते. पूर्वी कुत्रे शेजाऱ्यांकडे राहायचे. आता शेजारीण सुई टोचायला कचरते. म्हणून यंदा तेही गाडीत असते. मागच्या सीटवर त्याची गादी, थर्मासात बाटली (बर्फाला थेट टेकू नये म्हणून रुमालात गुंडाळलेली), लाल टोपीच्या सिरिंजांचे पाकीट, मोजून भरलेले सहा डबे, मधाची छोटी बाटली. घाटात वाहतूक तुंबली आणि सात वाजले, तर गाडी टपरीजवळ बाजूला घेतली जाते. सगळ्यांचा चहा व्हायच्या आत त्याचे जेवण आणि इंजेक्शन होते, आणि मुलगी मोबाइलवर काढलेल्या कॅलेंडरच्या फोटोवर बोटाने खूण करते.